अण्णा पाटणकरांचं सोन्याचं नळकांडं

यज्ञेश्वर पाटणकर यांनी जन्मभर लोकांना गाडीत बसवलं आणि स्वतः गाडीत बसायचं शिताफीने टाळलं. वाराणसी कँट स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीमागे त्यांची सगळी नोकरी झाली. खिडकीपलीकडची घामेजलेली, वैतागलेली, खालच्या बर्थसाठी कळवळणारी माणसं रोज बघून त्यांचं असं ठाम मत झालं होतं की प्रवास ही दुसऱ्याने करायची गोष्ट आहे. इंदूरहून, ग्वाल्हेरहून, पुण्याहून लग्नपत्रिका यायच्या. अण्णा (त्यांना सगळे अण्णाच म्हणत) त्या देवापुढे ठेवत, घरूनच अक्षता टाकत आणि रजा शिल्लक नसल्याचं कळवून टाकत. रजा इतकी शिल्लक होती की निवृत्तीच्या वेळी तिचा हिशेब करताना बडेबाबूंनी दोनदा चहा मागवला.

निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. रजेचं कारण उरलं नाही, आणि हे नातेवाइकांनाही कळलेलं होतं. तेव्हा अण्णांनी क्षेत्रसंन्यास घेतला.

म्हणजे घरदार सोडलं नाही, बायको सोडली नाही, सकाळची कचौडी-जिलबीसुद्धा सोडली नाही. फक्त काशीची हद्द ओलांडून बाहेर पाऊल टाकायचं नाही, आणि मरण येईल ते इथेच, एवढाच हा नियम. काशीत मेलेल्या माणसाच्या कानात शंकर स्वतः मंत्र सांगतो आणि त्याला थेट सोडवतो. पुढच्या जन्माच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. वेटिंग लिस्ट बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या सोयीचं मोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पंचगंगा घाटावर गोपीनाथशास्त्र्यांनी संकल्प सांगितला. हे शास्त्रीबुवा म्हणजे अण्णांचे गल्लीतले शेजारी, लहानपणापासूनचे मित्र आणि गावातल्या निम्म्या मराठी घरांचे उपाध्ये. हद्द कोणती धरायची यावर ते दोन दिवस विचार करत होते. एका मताप्रमाणे असी नाल्यापलीकडे काशी संपते. पण तसं धरलं तर विद्यापीठाचं इस्पितळ बाहेर जातं, आणि अण्णांना रक्तदाब होता. म्हणून शास्त्रीबुवांनी पंचक्रोशीची ऐसपैस हद्द धरली. पूर्वेकडे मात्र तडजोड नव्हती. पूर्वेला गंगाजी. तिच्या पलीकडे रामनगर, आणि तिकडे मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो हे बनारसमध्ये लहान मुलालाही ठाऊक असतं.

शरदिनीबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, संकल्पाचं पाणी सुटलेलं पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "बरं. म्हणजे आता मधुराकडे मी एकटीने जायचं, आणि परत येईपर्यंत तुम्ही शास्त्रीबुवांकडे जेवायचं."

मधुरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पुण्याला दिलेली.

अण्णांची इज्जत एकदम वाढली. दूधवाला आधी 'बाबूजी, पैसा' म्हणायचा, तो आता पायांकडे वाकून 'पालागी बाबूजी, पैसा' म्हणू लागला. मुंबईहून आलेले यात्रेकरू शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून त्यांच्या पाया पडून जात. अण्णाही पाय थोडे पुढे करून बसायला शिकले.

या सगळ्याला बरीच वर्षं झाल्यावर यंदाच्या उन्हाळ्यात नात आली. देवश्री सातवीत गेलेली. तिच्या सामानात एक खेळयंत्र होतं. ते तिने टीव्हीला जोडलं आणि जाहीर केलं, "चार जण लागतात. आजी, आजोबा, मी. चौथं कोण?"

चौथे शास्त्रीबुवा. ते पंचांग परत द्यायला आले होते, ते चहापुरते बसले आणि पुढे महिनाभर रोज दुपारी चहापुरते बसत राहिले.

खेळ तसा सोपा होता. पडद्यावर एक मोठा पट. प्रत्येकाने एकेक प्राणी घ्यायचा, फासा टाकायचा आणि तितकी घरं चालायचं. पटावर कुठेतरी एक तारा लुकलुकत असतो. जो तिथे पोचेल त्याला तो मिळतो, मग तारा उडून दुसरीकडे जाऊन बसतो. शेवटी ज्याच्याकडे जास्त तारे तो जिंकला. मधूनमधून छोट्या शर्यती असायच्या, त्यांत हातातलं यंत्र गदागदा हलवावं लागे. या शर्यतींत शरदिनीबाईंना कुणी हरवू शकलं नाही. "रोज ताक कोण घुसळतं या घरात?" असं त्या म्हणत आणि उठून कुकर बंद करायला जात.

देवश्रीने कोल्हीण घेतली. आजीने हिरवा बेडूक घेतला. शास्त्रीबुवांनी अस्वल घेतलं, पण ते शाकाहारी आहे ना याची आधी खात्री करून घेतली. अण्णांनी बगळा निवडला, कारण तो एका पायावर एका जागी उभा होता.

"हा बगळा म्हणजे तुम्ही हं आजोबा," देवश्री म्हणाली.

ती सहज म्हणाली. पण शास्त्रीबुवांनी मान डोलावली. "बिलकुल बरोबर. प्रतिनिधीच तो. तू जन्मलीस तेव्हा तुझी आजी पुण्याला होती ना? इथे सत्यनारायण होता. पूजेला पत्नी हवी. मग अण्णांच्या शेजारी पाटावर सुपारी मांडली. ती सुपारी म्हणजे साक्षात शरदिनीवहिनी."

"आणि नंतर अडकित्त्याने कातरून खाल्लीत मला दोघांनी," शरदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"उत्तरपूजा झाल्यावर ती पुन्हा सुपारीच होते, वहिनी," शास्त्रीबुवा म्हणाले. पण त्यांनी विषय वाढवला नाही.

अण्णा पटाकडे बघत होते. पटाच्या मधोमध एक निळी नदी होती. तिच्यावर एक पूल.

"ही नदी कुणीकडे वाहते गं?"

"अं... वरच्या बाजूला."

"वर म्हणजे उत्तर," अण्णा म्हणाले.

"उत्तरवाहिनी," शास्त्रीबुवा म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काशीत गंगाजी उत्तरेला वळते हे दोघांनाही नव्याने सांगायला नको होतं. खेळ सुरू होतो ती बाजू डावी, म्हणजे पश्चिम. म्हणजे बगळा उभा होता ते बनारस. उजवीकडे, पुलापलीकडे...

"रामनगर," अण्णा म्हणाले.

देवश्रीला वाटलं, ते कुणाला तरी हाक मारताहेत.

शास्त्रीबुवांनी निर्णय द्यायला फार वेळ घेतला नाही. बगळा हा अण्णांचा प्रतिनिधी. त्याला हलवणारा हात अण्णांचा. तेव्हा बगळ्याने नदी ओलांडली तर अण्णांनीच ओलांडली. खुद्द शास्त्रीबुवांना असला काही नियम नव्हता, त्यामुळे त्यांनी अस्वलाला खुशाल पुलावरून पलीकडे नेलं. पलीकडच्या तिसऱ्या घरात एक लाल चौकोन होता. त्यावर पाऊल पडताच ढोल वाजला आणि अस्वलाच्या डोक्यावर दोन लांब करडे कान उगवले.

"हे फजितीचं घर," देवश्री हसत म्हणाली. "एक डाव गाढवाचे कान!"

शास्त्रीबुवांनी त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

त्यानंतर महिनाभर अण्णांचा बगळा नदीच्या अलीकडेच फिरत राहिला. पुलाशी फाटा आला की तो डावीकडे वळे आणि त्याच गल्ल्यांतून पुन्हा गोल फिरून येई. देवश्रीने बऱ्याचदा विचारलं, "आजोबा, पूल का नाही घेत?"

"मला पलीकडे काम नाही."

गंमत म्हणजे तरीही ते अधूनमधून जिंकत. तारा कधीतरी अलीकडे यायचाच, आणि तो आला की बगळा तिथेच कुठेतरी असायचा. देवश्रीने पुण्याच्या मैत्रिणींना कळवलं की तिच्या आजोबांची एक भयंकर अवघड रणनीती आहे, ती तिला अजून कळलेली नाही.

सोन्याचं नळकांडं त्यांना पहिल्यांदा मिळालं ते एका मंगळवारी. बगळा एका पेटीवर थांबला, पेटी उघडली आणि आतून चकाकणारा जाड पाइप बाहेर आला.

"आजोबा! गोल्डन पाइप! लकी आहात यार तुम्ही!" देवश्री उडालीच. "हा वापरला ना, की फासा नाही, चालणं नाही, काही नाही. ह्यात शिरायचं आणि डायरेक्ट ताऱ्याच्या दारात बाहेर पडायचं."

"मध्ये स्टेशन?"

"एकपण नाही."

"बदली?"

"काहीच नाही हो."

तारा त्या वेळी अलीकडेच होता. अण्णांनी बटण दाबलं. बगळा नळकांड्यात शिरला, एक गिरकी घेतली आणि थेट ताऱ्यासमोर बाहेर आला. तारा टुणकन त्याच्या डोक्यावर बसला. अण्णा शास्त्रीबुवांकडे वळून म्हणाले, "गोपीनाथ, पाहिलंस? ही काशी आहे."

"तीच," शास्त्रीबुवा म्हणाले. अण्णांपेक्षा वयाने लहान असल्यामुळे ते त्यांना अहो-जाहो करत, पण हे 'तीच' त्यांनी अगदी बरोबरीच्या नात्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दूधवाल्यालाही हे समजावून सांगितलं. दूधवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबूजी, ऊ पाइप मिली कहाँ?"

सुट्टी संपत आली. देवश्रीला न्यायला कुणी येणार नव्हतं, शरदिनीबाईच तिला पोचवणार होत्या. कारण मधुराने पुण्याला नवीन घर घेतलं होतं आणि त्याची वास्तुशांत होती. मधुराचा फोन आला तेव्हा देवश्री शेजारीच बसली होती.

"आई, तू देवूबरोबर ये. अण्णांना विचारत नाही," मधुरा म्हणाली. "दर वेळी विचारते आणि दर वेळी ते नियम सांगतात. त्यांनाही अवघड होतं, मलाही. त्यांना फक्त पत्रिका दाखव."

शरदिनीबाईंनी पत्रिका दाखवली. अण्णांनी ती देवापुढे ठेवली आणि अक्षतांची डबी शोधू लागले.

देवश्री त्यांच्या मागे देवघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आजोबा, उद्या शेवटचा डाव. पैज लावायची?"

"कसली?"

"मी जिंकले तर तुम्ही आमच्याकडे यायचं. वास्तुशांतीला. आमच्याबरोबर."

अण्णांनी डबीचं झाकण लावलं. "आणि मी जिंकलो तर?"

"तर मी तुम्हाला परत कधीच नाही विचारणार. प्रॉमिस. आईपण नाही विचारणार."

अण्णा हो म्हणाले. असं का केलं, हे शरदिनीबाईंनी रात्री जेवताना विचारलं. अण्णांनी सांगितलं की बगळा महिनाभर नदी न ओलांडता जिंकत आलाय, तेव्हा काळजीचं कारण नाही. शिवाय पोरीचा हट्ट एकदाचा मिटेल.

"मिटेल," शरदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आमटी वाढली. मागितली नव्हती, तरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शास्त्रीबुवा वेळेआधी आले. पैजेची बातमी गल्लीत पसरली होती. दूधवालाही काहीतरी निमित्त काढून दारात रेंगाळला. वीज जाऊ नये म्हणून शरदिनीबाईंनी गणपतीला दूर्वा वाहिल्या होत्या. पैजेत त्या कुणाच्या बाजूने आहेत हे त्यांनी गणपतीलाही सांगितलं नव्हतं.

डाव रंगला. बगळा अलीकडच्या गल्ल्यांत गोल फिरत राहिला आणि तारे त्याच्या पायाशी येत राहिले. कोल्हीण पूल ओलांडून जाई-येई, गाढवाचे कान लावून घेई, पुन्हा तारे आणी. शरदिनीबाईंचा बेडूक शर्यती जिंकत होता आणि तारा कुठे आहे याकडे त्याचं लक्षच नव्हतं. शास्त्रीबुवांचं अस्वल त्या दिवशी पुलाच्या जवळपाससुद्धा फिरकलं नाही.

शेवटची फेरी आली तेव्हा बगळा आणि कोल्हीण यांचे तारे सारखे होते. तारा पलीकडे होता. कोल्हीणही पलीकडेच होती, ताऱ्यापासून एका घरावर. फाशावर काहीही पडलं तरी तिला तो मिळणारच. पण पहिला डाव अण्णांचा होता, आणि त्यांच्या झोळीत, मागच्या फेरीत पेटीतून निघालेलं, सोन्याचं नळकांडं होतं.

"गेलं!" देवश्रीने कपाळावर हात मारला. "पाइप आहे तुमच्याकडे. वापरा आणि जिंका. संपलं."

अण्णांनी बटणावर अंगठा ठेवला आणि तो तसाच राहिला.

"एक मिनिट," शास्त्रीबुवा म्हणाले.

"बोल."

"तारा पलीकडे आहे."

"दिसतंय मला."

"म्हणजे पाइपातून गेलात तर पलीकडे निघणार. नियम मोडला." शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. "आणि नाही गेलात तर हरलात. हरलात तर पुण्याला जायचं. म्हणजे तरीही मोडला."

"नळकांडं पुलावरून जात नाही, खालून जातं," अण्णा म्हणाले. "पाण्याखालून गेलं तर ओलांडणं होतं का?"

शास्त्रीबुवांनी डोळे मिटून विचार केला. "होतं," ते दुःखाने म्हणाले. "निघायचं तर पलीकडेच आहे."

शरदिनीबाई उठल्या. "म्हणजे दोन्हीकडून मोडायचाच आहे ना? मग कुठे मोडायचा तेवढं ठरवा. दूध उतू चाललंय माझं."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. बगळा एका पायावर उभा होता. पलीकडे तारा लुकलुकत होता.

अण्णांचे वडील असेच पलीकडे राहिले होते. नाशिकला कुणाच्या तरी मुंजीला गेले होते. परतताना मुगलसरायला गाडी बदलायची होती. ते फलाटावरच्या बाकावर बसले, मातीच्या कुल्हडमधून चहा घेतला आणि तो अर्धा असतानाच गेले. मुगलसराय म्हणजे नदीपलीकडे. बनारसची गाडी समोरच लागलेली होती. त्यांना आणून मणिकर्णिकेला अग्नी दिला, सगळं यथासांग केलं. पण तेराव्याला जेवायला आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी हात धुताना अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळहळून म्हटलं, "थोडक्यात चुकलं हो." अण्णा तेव्हा नोकरीला नवीन होते. त्या दिवसापासून लग्नांच्या पत्रिका देवापुढे राहू लागल्या. रजा शिल्लक नाही हे कारण सांगायला सोपं होतं. हे दुसरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शरदिनीबाईंना ते न सांगताच माहीत होतं.

आता बटण दाबलं की जिंकायचं. मग विचारणार नाही कुणी. मधुरा नाही, देवश्री नाही. पत्रिका तेवढ्या येतील. पुढे कदाचित त्याही येणार नाहीत. फोनवर कळवतील, झालं.

"आजोबा, दाबा ना," देवश्री म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी रडणार नाही. प्रॉमिस केलंय ना मी."

अण्णांनी अंगठा उचलला, शेजारच्या बटणावर ठेवला आणि फासा टाकला. बगळा पुलापाशी आला, डावीकडे वळला आणि नेहमीच्या गल्लीत जाऊन उभा राहिला.

कोल्हिणीने तारा घेतला. पडद्यावर फटाके उडाले. देवश्री आधी ओरडली, मग तिच्या लक्षात आलं.

"आजोबा, तुम्ही पाइप वापरलाच नाही!"

"विसरलो."

कोणती गाडी कोणत्या दिवशी कुठे किती वेळ थांबते हे झोपेतसुद्धा सांगणारा माणूस हे म्हणाला. शरदिनीबाईंनी पदराने चष्मा पुसला. दारातला दूधवाला म्हणाला, "बाबूजी, पाइप त रहल हो!"

"तुझा पैसा उद्या," अण्णा म्हणाले आणि उठून घाटाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा आले ते पंचगंगेवर आंघोळ करून, ओलेत्यानेच. हातात पळसाच्या पानावर एक सुपारी होती. मोठी, गोल, एकही डाग नसलेली.

"मला झोप नाही आली," ते म्हणाले. "अण्णा, बगळा पलीकडे गेला तर तुम्ही पलीकडे गेलात, असं मीच म्हटलं."

"म्हटलंस."

"ते मागे घेता येत नाही. महिनाभर पाळलंय आपण. मी कान लावून घेतले त्याच्यापायी." शास्त्रीबुवांनी पळसाचं पान पुढे केलं. "तर मग ही इथे राहिली, तर तुम्ही इथे राहिलात. मी रात्रभर उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही तुटत नाही."

अण्णांनी सुपारीकडे बराच वेळ पाहिलं. "आणि मला तिकडे काही झालं तर?"

"तर सुपारी मणिकर्णिकेला मी नेईन. स्वतः. पण काही होणार नाही. रक्तदाबाची गोळी घ्या."

"ही कातरणार नाहीस ना?"

"अण्णा!"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं."

घाटावर संकल्प झाला. यज्ञेश्वर पाटणकर हे सुपारीच्या रूपाने काशीक्षेत्री वास करून आहेत असं गंगेला रीतसर सांगण्यात आलं. मग सुपारीला गंध-फूल लावून शास्त्रीबुवांनी ती आपल्या देवघरात, कोनाड्यात नेऊन ठेवली. शरदिनीबाई ती कोनाड्यात एकदा बघून आल्या आणि म्हणाल्या, "छान बसलेत. आज भाजी काय म्हणून विचारतसुद्धा नाहीत."

बनारसहून जागा मिळाली नाही. त्यामुळे गाडी मुगलसरायहूनच धरायची होती. आता त्या स्टेशनाचं नाव बदललंय, पण ते नवं नाव अण्णांच्या तोंडी अजून बसलेलं नाही. नातीने त्यांना टॅक्सीत मधे बसवलं. राजघाटचा पूल आला तेव्हा अण्णांनी डोळे मिटले आणि देवश्रीचा हात घट्ट धरला. खाली गंगाजी उत्तरेला चालली होती. टॅक्सीवाल्याने हात जोडून नाणं पाण्यात टाकलं आणि हॉर्न वाजवला. पूल संपला तरी अण्णा डोळे उघडेनात.

"आजोबा, आलो पलीकडे."

"किती आत?"

"बरंच."

मग त्यांनी डोळे उघडले. रस्ता होता, रिक्षा होत्या, केळीचे गाडे होते. सगळं बनारससारखंच.

फलाटावर अण्णांनी एक बाक शोधून काढला. तो हाच की त्याच्या पलीकडचा, हे त्यांना नक्की आठवत नव्हतं, आणि बाकही आता लोखंडी झाले होते. ते बसले. त्यांनी चहा मागवला. कुल्हड दोन्ही हातांत धरून त्यांनी हळूहळू, फुंकर घालत, एकेक घोट घेतला. शरदिनीबाई शेजारी बसून ते किती पितात याकडे बघत होत्या. चहा पूर्ण संपला. अण्णांनी कुल्हड उलटा करून पाहिला आणि मग तो रुळांकडे नीट नेम धरून फेकला.

तेवढ्यात फोन वाजला. शास्त्रीबुवांचा.

"अण्णा, पोचलात?"

"मुगलसरायला आहे. तिकडे कसं काय?"

"उत्तम. आत्ताच गंध लावलं. नैवेद्याला पेढा ठेवला होता, खाल्लात तुम्ही."

"मी?"

"म्हणजे मी खाल्ला, पण तुमच्यापुढे ठेवून. तुम्ही इथे अगदी मजेत आहात. काळजी करू नका."

अण्णांनी फोन ठेवला. गाडीची घोषणा झाली. देवश्रीने त्यांची पिशवी उचलली, पण ते उठेनात. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आपले कान वरपासून खालपर्यंत सावकाश चाचपून पाहिले.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "अजून माझेच आहेत. चल, तुझं घर दाखव."